नागपूरचं ऊन, मुंबईचा उकाडा आणि ओट्यावरचा माठ

दरवर्षी मे महिन्यात आत्या नागपूरहून ठाण्याला आमच्याकडे येते आणि दुसऱ्याच दिवशी परतीच्या गाडीची चौकशी सुरू करते. "अंग नुसतं चिकचिक करून राहिलं, बाप्पा! त्यापेक्षा आमचं नागपूर परवडलं." त्या दिवशी नागपुरात पारा ४४ अंशांवर असतो आणि ठाण्यात ३४ वर. माझा नवरा पक्का मुंबईकर. त्याला आत्याचं हे बोलणं अजिबात पटत नाही, कारण तो एकदा एप्रिलमध्ये माझ्या माहेरी आला होता आणि तीन दिवस कूलरसमोरून हलला नव्हता.

बरीच वर्षं मी हा वाद गावाच्या अभिमानाचा समजत होते. आता वाटतं, दोघांचंही अंग खरंच सांगत असतं; अपुरा पडतो तो बातम्यांतला आकडा. कुणाला उन्हाळा सोसतो, कुणाला थंडी आवडते, कुणाला पुण्याचा गारवा हवासा वाटतो आणि कुणाला तोच बोचतो, या सगळ्यामागे शरीराचा एक साधा जमाखर्च आहे. तो एकदा कळला की समोरच्याच्या तक्रारीकडे बघायची नजर बदलते.

आपल्या भाषेला हा फरक आधीपासून ठाऊक आहे. विदर्भात ऊन तापतं, चटके बसतात, अंग भाजून निघतं. मुंबईत आणि कोकणात उकडतं. भाजणं आणि उकडणं यातला फरक आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पापड भाजतात, मोदक उकडतात. एकाला कोरडी आच लागते, दुसऱ्याला वाफ. हवेचंही तेच आहे.

आता माठाकडे बघू. नागपूरच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर खिडकीशी माठ असायचा. भर दुपारी बाहेर आग ओकत असताना त्यातलं पाणी घशाखाली उतरलं की छातीपर्यंत गारवा जायचा. लग्नानंतर हौसेनं तसाच माठ मी ठाण्यात आणला. ओलं फडकं गुंडाळलं, खिडकीत ठेवला, सगळं आईसारखं केलं. पाणी मात्र जेमतेम कोमट नाही इतपतच झालं. मला वाटलं माठ चुकीचा निघाला. माठात काही खोट नव्हती.

माठ गार होतो तो पाझरल्यामुळे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्याकडून घेतं. हवा जितकी कोरडी, तितकी ती ही वाफ पटकन शोषून घेते. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर पाणी पृष्ठभागावर नुसतं बसून राहतं. नागपुरात ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक वाळतो आणि जुलैत मुंबईत कपडे दोन दिवस दोरीवर कुबट होत राहतात, त्याचंही कारण हेच.

हवामानशास्त्रात यासाठी एक मोजमाप आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावरून वारा जाऊ द्यायचा. बाष्पीभवनामुळे पारा जिथपर्यंत उतरतो, ते 'वेट बल्ब' तापमान. मी त्याला मनातल्या मनात माठाचं तापमान म्हणते, कारण माठातलं पाणी त्याच आकड्याकडे सरकत असतं. नागपुरात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा साधारण २४ येतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर २८ च्या वर जातो. म्हणजे हवा अकरा अंशांनी जास्त तापलेल्या नागपुरात ओली वस्तू मुंबईपेक्षा चार अंशांनी जास्त गार होऊ शकते. आत्या जे म्हणते, ते हेच.

कारण आपलं अंग म्हणजे एक माठच आहे. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता तयार करत असतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. आतलं तापमान ३७ च्या आसपास ठेवायचं तर ही उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. हवा २५ अंशांची असेल तर काम सोपं असतं, कारण त्वचा ३३-३४ अंशांवर असते आणि उष्णता आपोआप हवेत निघून जाते. हवा ३५ च्या पुढे गेली की गणित उलटतं. मग हवाच आपल्याला तापवू लागते आणि घामाशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

घामाची ताकद मात्र मोठी आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाची तासाभराची सगळी उष्णता काढायला जेमतेम कपभर, १५० मिलिलिटर घाम पुरतो. अट एकच: तो वाळला पाहिजे. कपाळावरून ओघळून शर्टावर पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता फारशी नेत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये चेपून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरून धारा वाहतात आणि तरी जिवाची तलखी कमी होत नाही, ती यामुळे.

नागपूरच्या उन्हाचा धोका वेगळा आहे, आणि माहेरच्या माणसांना तो मी पुन्हा पुन्हा सांगते. तिथे घाम आल्याबरोबर वाळतो, त्यामुळे 'मला तर घामच येत नाही' असं वाटतं. घाम येत असतो, दिसत नसतो. कातडीवर हात फिरवला तर मिठाची बारीक रवाळ पूड हाताला लागते. उन्हात काम करणाऱ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी असं न कळत जाऊ शकतं. डोकं दुखायला लागतं, लघवी गडद होते आणि तोवर उशीर झालेला असतो. डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा, मीठ घातलेलं कैरीचं पन्हं, दुपारी बारा ते चार बंद दारं, ही विदर्भाची रीत या एका गोष्टीभोवतीच बांधलेली आहे.

पंख्याचंही असंच. पंखा गारवा देतो हा आपला पक्का समज, पण तो हवा गार करत नाही. फक्त हवा हलवतो. दमट हवेत तो फार उपयोगी आहे, कारण अंगाभोवती साचलेली बाष्पाची चादर तो उडवतो. कोरड्या आणि अति तापलेल्या हवेत मात्र तो भट्टीच्या भात्यासारखा वागतो. सिडनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे प्रयोगात मोजलं. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत पंख्यानं शरीरावरचा ताण कमी झाला. ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत उलट वाढला. विदर्भात नुसत्या पंख्याखाली दुपारी झोपू नये, कूलर लावावा किंवा ओली चादर पांघरावी, हे आजी सांगायची तेव्हा तिच्यापुढे कुठलाही प्रयोग नव्हता, पण ती बरोबर होती. आणि मुंबईत कूलर का चालत नाही, याचं उत्तर माठानं आधीच दिलेलं आहे.

एक मर्यादा मात्र सगळ्यांना सारखी आहे. वेट बल्ब तापमान ३५ ला पोचलं तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात धडधाकट तरुणांवर प्रत्यक्ष मोजमापं झाली, तेव्हा दमट हवेत शरीराचा तोल ३१ च्या आसपासच ढळू लागतो असं दिसलं. म्हणून किनाऱ्यावरचे ३७-३८ अंश मला नागपूरच्या ४३ पेक्षा कमी भीतीदायक वाटत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला मोकळ्या मैदानात भर उन्हात तासन् तास बसलेल्या माणसांपैकी डझनाहून अधिक जण उष्माघातानं गेले. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आतच होता.

भारतीय हवामान विभागाच्या नियमांतही हा फरक धरलेला आहे. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात पारा किमान ४० ला जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ ला आणि डोंगराळ भागात ३० ला. शिवाय, पारा ४५ च्या आत असेल तर, तो नेहमीच्या सरासरीच्या साडेचार अंश तरी वर असावा लागतो. हे आकडेही सावलीतले असतात. वेधशाळेचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर असतो. डांबरी रस्त्यावर उभा असलेला वाहतूक पोलीस किंवा पत्र्याच्या छपराखाली भाकऱ्या थापणारी बाई त्या पेटीत नसते. तापलेला पत्रा आणि डांबर हवेला वगळून थेट अंगावर उष्णता फेकतात, तीही या जमाखर्चात धरावी लागते.

मग सवयीचं काय? सवय ही नुसती मनाची समजूत नाही. सलग उन्हात वावरलं की एक ते दोन आठवड्यांत शरीर खरोखर बदलतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मार्चमधले ३८ अंश मेमधल्या ४२ पेक्षा जास्त छळतात, कारण मार्चमध्ये ही तयारी झालेली नसते. ही कमाई टिकत मात्र नाही. काही आठवडे एसीत काढले की ती गळून जाते. म्हणून सुट्टीवरून कामाच्या जागी परत आलेला मजूर, पुण्याहून थेट चंद्रपूरला गेलेला नवा कर्मचारी किंवा परदेशातून मे महिन्यात लग्नाला आलेली भाची, यांना पहिले काही दिवस सांभाळायला हवं. कणखरपणा दाखवायची ही वेळ नसते.

थंडीची सवय त्या मानानं कमी लागते. थंडीत शरीर त्वचेकडचं रक्त आत ओढून घेतं, मग हुडहुडी भरवतं. वारंवार थंडी सोसली तर कुडकुडणं थोडं कमी होतं, थोडी चरबी उष्णता तयार करण्याच्या कामाला लागते, पण घामासारखा जोरकस उपाय शरीरापाशी नाही. थंडीशी माणूस लढला तो मुख्यतः कपड्यांनी, चुलीनं आणि घरानं.

घराचा मुद्दा मला माझ्या मावसभावामुळे कळला. तो टोरांटोत राहतो, जिथे जानेवारीत उणे १५ ही काही बातमी नसते. एकदा डिसेंबरात तो पुण्यात मावशीकडे आला आणि पहिल्याच पहाटे दोन स्वेटर, मोजे आणि गोधडी घेऊन बसला. मावशी म्हणाली, "अरे, बर्फातून आलास ना तू? इथे कसली थंडी?" बाहेर ११ अंश होते. मी घरातला पारा बघितला, १७. त्याच्या घरात वर्षभर २१ च्या खाली पारा जात नाही. टोरांटोत भाड्याच्या घरांतही हिवाळ्यात एवढी ऊब ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. तो उणे १५ मध्ये असतो तो दहा मिनिटं, तेही जाड कोटात. आपण मात्र १७ मध्ये झोपतो, उठतो, अंघोळीला जातो आणि शहाबादी फरशीवर अनवाणी चालतो.

फरशी गार लागते आणि तिच्यावरची सतरंजी उबदार, हीसुद्धा गंमत बघण्यासारखी आहे. दोन्हींचं तापमान एकच असतं. दगड पावलातली उष्णता भराभर ओढून घेतो, कापड हळूहळू घेतं. त्वचेला तापमान थेट कळतच नाही. तिला कळतो तो उष्णता येण्याजाण्याचा वेग.

हवा वाहती असली की हा वेग वाढतो. कॅनडात हिवाळ्यात तापमानाबरोबर वाऱ्याचा हिशोब धरून दुसरा आकडाही सांगतात. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला ते उणे २० सारखं लागतं. युरोपात पोर्तुगालसारख्या सौम्य हवेच्या देशात हिवाळ्यातले जादा मृत्यू फिनलंडपेक्षा जास्त प्रमाणात होत आले, त्यामागचं एक मोठं कारण घरांची बांधणी हेच मानलं जातं. सौम्य हवेतली घरं थंडी गृहीत धरून बांधलेलीच नसतात.

आपल्याकडची थंडीही एकसारखी नाही. निफाडला पारा पाच-सहाच्या खाली आला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, कारण तयार होत आलेला मणी तडकला तर वर्षभराची मेहनत जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठल्याची बातमी आपण बहुतेक हिवाळ्यांत वाचतो, आणि त्याच बातमीत हवेचं तापमान शून्याच्या बरंच वर असतं. त्यात विसंगती नाही. निरभ्र, निवांत रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार होतात. उघड्यावर झोपलेल्या माणसाचंही तसंच होतं. एखादं झाड, एखादं छप्पर, नुसती ताडपत्रीसुद्धा डोक्यावर असली तरी फरक पडतो, कारण ती अंगातली उष्णता आकाशाकडे जाण्यापासून अडवते.

इथवर हवेचं आणि घराचं झालं. माणसागणिकही फरक पडतो आणि त्याबद्दल आपण घरात, ऑफिसात फार सहज टोमणे मारतो. एसीचं ऑफिस असलं की बायका शाल घेऊन बसतात आणि पुरुष म्हणतात, एवढी कसली थंडी वाजते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या बोरिस किंग्मा आणि वाउटर व्हान मार्केन लिख्तेनबेल्ट या संशोधकांनी दाखवलं, की ऑफिसातल्या तापमानाचे मापदंड १९६० च्या दशकात चाळिशीतला, ७० किलो वजनाचा पुरुष धरून बसवलेले आहेत. बायकांचं शरीर सरासरीनं त्याहून कमी उष्णता तयार करतं. ज्याची शेगडी मंद, त्याला गारठा आधी लागणारच. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि थंडी-उष्म्याची जाणीवही उशिरा होते, म्हणून आजोबा 'मला काही होत नाही' म्हणाले तरी त्यांच्या हातात पाण्याचं भांडं द्यावं.

मापदंडांबद्दल एक चांगली गोष्टही सांगण्यासारखी आहे. नैसर्गिक वाऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसांना बाहेरचं तापमान वाढतं तसं आत थोडं जास्त तापमानही सुखाचं वाटतं, हे रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १९९८ मध्ये मांडलं. नंतर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय ऑफिसांसाठी असंच मोजमाप झालं आणि ते २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आलं. २०२० पासून आपल्याकडच्या घरगुती एसीला सुरुवातीचं तापमान २४ ठरवून दिलेलं असतं. तरीही १८ वर एसी लावून वर रजई घेणारी घरं मी पाहते आणि वाईट वाटतं. त्या एसीची गरम हवा शेजारच्या खिडकीत जात असते.

आता आवडीचं. थंडी आवडते म्हणणाऱ्याला नेमकं काय आवडतं? फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की एकच पाणी शरीराच्या आतल्या स्थितीप्रमाणे सुखाचं किंवा त्रासाचं वाटतं. अंग तापलेलं असेल तर हातावरचं गार पाणी सुख देतं. अंग गारठलेलं असेल तर तेच नकोसं होतं. शरीराला तोलाकडे नेणारी प्रत्येक गोष्ट गोड लागते. म्हणजे गुलाबी थंडी हवीहवीशी वाटते ती बहुधा त्या थंडीतल्या उबेमुळे: शेकोटीकडे धरलेले तळवे, बाजरीची भाकरी, उन्हात टाकलेली खुर्ची. आणि नागपूरचा उन्हाळा आत्याला आवडतो, म्हणजे तिला सडा टाकलेलं अंगण आणि कूलरचा पहिला ओला झोत आवडतो.

हे कळल्यावर एक गोष्ट मला फार लागून राहिली. थंडी आवडायला गोधडी लागते आणि उन्हाळा आवडायला सावली. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याला ऋतूची आवड परवडत नाही. २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत अहमदाबादला नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेसाठी कृती आराखडा केला: आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया आणि पुढे झोपड्यांच्या पत्र्यांना पांढरा चुना. नंतर नागपूरसारख्या शहरांनीही असे आराखडे केले. पांढरा रंग ऊन परत पाठवतो आणि आतली कोंडी काही अंशांनी उतरते. पत्र्याखालच्या खोलीत तान्हं मूल असेल तर ते काही अंश फार मोठे असतात.

मोबाइलवर हवामान बघताना मी आता तीन आकडे एकत्र बघते: तापमान, आर्द्रता आणि वारा. रात्रीचं किमान तापमानही बघते, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळणार की नाही, हे त्यावर ठरतं. मुंबईत मे महिन्यात दिवस आणि रात्र यांच्यात जेमतेम सहा-सात अंशांचा फरक असतो. दुपारी खारे वारे वेळेवर सुटले तर दिवस निभतो, उशिरा आले तर दिवसभर जीव कासावीस होतो.

आत्या यंदाही मेच्या तिसऱ्या आठवड्यात गेली, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागायच्या आत घरी पोचायचं म्हणून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. विदर्भात पहिला पाऊस पडून गेला होता, पारा ४४ वरून ३८ वर उतरला होता, हवेत बाष्प भरलं होतं आणि कूलर नुसता दमट वारा फेकत होता. "काल रात्रभर झोप नाही बाप्पा," ती म्हणाली. "माठातलं पाणीसुद्धा गार होऊन नाही राहिलं."